फोटो आणि हॅश सर्व्हरवर पोहोचेपर्यंत बिघडतात. बायनरी डेटा मजकुराच्या रूपात कसा पाठवावा?

प्रश्न : काटापावती (दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार. आमच्या भागातील एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी मी कापूस खरेदीच्या नोंदी ठेवणारे अँड्रॉइड अ‍ॅप लिहीत आहे. काट्यावर गाडी लागली की भरल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, शेतकऱ्याचे नाव, गाव, बँक खात्याचा क्रमांक आणि काटापावतीचा फोटो हे सर्व आधी फोनमध्येच साठते, कारण खरेदी केंद्रावर बराच वेळ नेटवर्क नसते; पुढे नेटवर्क मिळाले की साठलेल्या नोंदी एकामागून एक सर्व्हरकडे जातात. सर्व्हरवरचा कोड पायथनमध्ये आहे. नोंद वाटेत बिघडली नाही याची खात्री व्हावी म्हणून प्रत्येक नोंदीसोबत तिचा शा-२५६ हॅशही (नोंदीच्या बाइटांवरून काढलेला, ठशासारखा ठरावीक लांबीचा आकडा) पाठवला जातो.

सुरुवातीला फोटोचे बाइट घेऊन त्यांची यूटीएफ-८ म्हणून सरळ स्ट्रिंग बनवली होती आणि ती फॉर्मच्या एका फील्डमधून पाठवली जात होती. सर्व्हरवर एकही फोटो उघडेना, आणि फोनमध्ये सुमारे ९० किलोबाइटची असलेली फाइल तिकडे जवळपास दुप्पट भरू लागली. म्हणून आता फोटो आणि हॅश हे दोन्ही बेस६४मध्ये (बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत) बदलून त्याच पद्धतीने पाठवले जातात. त्याने अडचण बदलली, पण गेली नाही. हॅशपैकी साधारण निम्मे जुळतात आणि निम्मे जुळत नाहीत. फोटोंपैकी बहुतेकांवर ‘इनकरेक्ट पॅडिंग’ ही त्रुटी येते, तर काही फोटो कोणतीही त्रुटी न देता साठतात आणि तरीही उघडत नाहीत. फोन तोच, नेटवर्क तेच, कोडही तोच. मग एक हॅश बरोबर आणि त्याच्या लगेच पुढचा चूक, असे का व्हावे, हे मला उलगडत नाही.

याशिवाय दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिल्या पद्धतीने साठलेले जुने फोटो दुरुस्त करता येतील का? आणि माझ्यासोबत काम करणाऱ्या मित्राचे म्हणणे आहे की खाते क्रमांकही बेस६४मध्ये साठवले म्हणजे ते कोणाला वाचता येणार नाहीत. हे बरोबर आहे का?

उत्तर : संत्राबाग (वरुड, जि. अमरावती)

भाऊ, नेमके सांगण्याआधी दोन गोष्टी पाहून कळवा. जुन्या बिघडलेल्या फाइलचे पहिले दहा-बारा बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या अंकांत) काय दिसतात? आणि नव्या पद्धतीतली जी स्ट्रिंग सर्व्हरवर येते, ती डीकोड करण्यापूर्वी जशीच्या तशी लॉगमध्ये छापली तर तिच्यात कोठे मोकळी जागा दिसते का? फॉर्मचे फील्ड तुम्ही लायब्ररीकडून तयार करून घेता की ‘नाव=किंमत’ अशी जोडणी स्वतः करता, हेही सांगा.

काटापावती

जोडणी कोडमध्ये स्वतःच केली आहे. जुन्या फाइलची सुरुवात ‘ईएफ बीएफ बीडी’ या तीन बाइटांनी होते आणि हेच तीन बाइट लागोपाठ चार वेळा आले आहेत. नव्या स्ट्रिंगमध्ये खरोखरच ठिकठिकाणी मोकळ्या जागा आहेत. फोनमधून निघताना त्या नव्हत्या.

उत्तर : धामनदीकाठ (जि. वर्धा)

तुमच्या या दोन निरीक्षणांतून दोन्ही बिघाडांचे पूर्ण निदान होते. ते सविस्तर लिहितो, कारण हा विषय एकदा मुळापासून समजला की पुढे कोणत्याही भाषेत आणि कोणत्याही लायब्ररीत अडत नाही. नावे, अक्षरे आणि आकडे इथे देवनागरीत लिहीत आहे. कोडमध्ये ती अर्थातच रोमन असतील.

आधी जुने फोटो. बाइट आणि मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाइट म्हणजे ० ते २५५ यांपैकी एक संख्या, इतकेच. त्या संख्यांचा मजकूर कोणत्या नियमाने लावायचा ते एन्कोडिंग ठरवते. यूटीएफ-८ हा असाच एक नियम आहे. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी तो १९९२ मध्ये तयार केला. त्यात कोणत्या बाइटनंतर कोणता बाइट येऊ शकतो यावर कडक बंधने आहेत. १२८च्या खालचा प्रत्येक बाइट एकटा उभा राहू शकतो. त्यावरच्या बाइटांना ठरलेला क्रम पाळावा लागतो, आणि काही बाइट तर यूटीएफ-८मध्ये कधीच येऊ शकत नाहीत. २५५, म्हणजे हेक्समधला ‘एफएफ’, हा त्यांपैकीच एक आहे. जेपेग फाइलची सुरुवातच ‘एफएफ डी८ एफएफ’ या बाइटांनी होते आणि अनेकदा चौथा बाइट ‘ई०’ असतो. फोनने हे बाइट यूटीएफ-८ म्हणून वाचायला घेतले तेव्हा पहिल्याच बाइटला नियम मोडला. अशा वेळी डीकोडर थांबत नाही. न समजलेल्या बाइटच्या जागी तो ‘यू+एफएफएफडी’ हे बदली चिन्ह, म्हणजे काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह, ठेवतो आणि पुढे जातो. हे चिन्ह पुन्हा बाइटांत लिहिले की ‘ईएफ बीएफ बीडी’ असे तीन बाइट होतात. तुम्हाला सुरुवातीला ते चार वेळा दिसले, कारण जेपेगचे पहिले चारही बाइट नियमात बसले नाहीत.

फाइल का फुगली तेही यातच आहे. दाबून लहान केलेल्या फोटोत १२८ आणि त्यावरचे बाइट साधारण निम्मे असतात. त्यांतला जवळजवळ प्रत्येक बाइट एकाचा तीन होतो, उरलेले निम्मे जसेच्या तसे राहतात, आणि बेरीज मूळच्या दुपटीजवळ जाते.

जुने फोटो परत मिळतील का, या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. ‘एफएफ’ असो, ‘डी८’ असो की ‘ई०’, सर्वांच्या जागी एकच चिन्ह बसले. त्या चिन्हावरून मूळ बाइट कोणता होता हे ठरवण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. अशा फाइली सुधारून देण्याचा दावा करणाऱ्या साधनांवर वेळ घालवू नका. फोनमध्ये मूळ फोटो अजून असतील तर ते पुन्हा पाठवून घ्या, आणि तसे होईपर्यंत अ‍ॅपमधून मूळ फाइल पुसू देऊ नका. बिघडलेल्या फाइली शोधणे सोपे आहे: ज्यांचे पहिले तीन बाइट ‘ईएफ बीएफ बीडी’ आहेत त्या सर्व बाद. पुढे कधी कोणी असाच बिघडलेला डेटा बेस६४ करून तुमच्याकडे दिला, तर स्ट्रिंगच्या सुरुवातीला ‘सात, सात, अधिक चिन्ह, नऊ’ ही चौकडी पुन्हा पुन्हा दिसेल. धड असलेल्या जेपेगची बेस६४ स्ट्रिंग ‘तिरकी रेघ, नऊ, लहान जे, तिरकी रेघ’ अशी सुरू होते. या दोन खुणा लक्षात ठेवाव्यात. फाइल न उघडताही बिघाड कोणत्या टप्प्यावर झाला ते त्यांवरून कळते.

आता बेस६४. तीन बाइट म्हणजे २४ बिट. त्यांचे सहा-सहा बिटांचे चार गट करायचे. सहा बिटांत ० ते ६३ अशा ६४ संख्या बसतात, आणि प्रत्येक संख्येसाठी एक अक्षर ठरलेले आहे: ० ते २५ साठी कॅपिटल ए ते झेड, २६ ते ५१ साठी लहान ए ते झेड, ५२ ते ६१ साठी शून्य ते नऊ हे अंक, ६२ साठी + आणि ६३ साठी /. शेवटी एक किंवा दोनच बाइट उरले तर चौकडी = या चिन्हाने पूर्ण करायची, यालाच पॅडिंग म्हणतात. उदाहरण म्हणून ‘म’ हे अक्षर घेऊ. यूटीएफ-८मध्ये त्याचे बाइट ‘ई० ए४ एई’ असे आहेत, म्हणजे

१११००००० १०१००१०० १०१०१११०

हेच बिट सहा-सहाच्या गटांत

१११००० ००१०१० ०१००१० १०१११०

असे पडतात. या झाल्या ५६, १०, १८ आणि ४६ या संख्या, आणि त्यांची अक्षरे ‘चार, कॅपिटल के, कॅपिटल एस, लहान यू’. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइटांचे असून ते ‘ई० ए४’ किंवा ‘ई० ए५’ने सुरू होते. त्यामुळे सलग मराठी शब्दाच्या बेस६४ स्ट्रिंगमध्ये दर चौकडीची सुरुवात ‘चार, के’ याच जोडीने होते आणि शेवटी = कधी लागत नाही. मध्ये एखादी मोकळी जागा आली की ही शिस्त सरकते. सरावलेल्या डोळ्याला अशी स्ट्रिंग पाहताच आत मराठी मजकूर आहे हे कळते, आणि तुमच्या मित्राच्या सूचनेचे उत्तरही त्यातच आहे: ज्या मांडणीत न उलगडताही आतली लिपी ओळखता येते, ती गुप्तता देऊ शकत नाही.

ही पद्धत आली ईमेलमुळे. १९८२ मध्ये ठरलेल्या एसएमटीपीच्या, म्हणजे ईमेल पाठवण्याच्या पद्धतीच्या, नियमात पत्राचा मजकूर सात बिटांच्या, इंग्रजी अक्षरे-अंकांपुरत्या अ‍ॅस्की अक्षरांत असावा असे होते. आठवा बिट वाटेत टिकेल याची हमी नव्हती. त्याही आधी, १९८० च्या सुमारास, युनिक्सवर यूयूएन्कोड हा प्रोग्राम याच कामासाठी वापरला जात असे, परंतु त्यात वापरलेली काही विरामचिन्हे सर्व यंत्रांवर सारखी राहत नसत. नोव्हेंबर १९९६ च्या आरएफसी २०४५ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा क्रमांकित दस्तऐवज) मध्ये माइमसाठी, म्हणजे ईमेलमधून मजकुराखेरीज इतर डेटा पाठवण्याच्या पद्धतीसाठी, बेस६४ची जी अक्षरे दिली आहेत, ती अ‍ॅस्कीच्या सर्व राष्ट्रीय प्रकारांत आणि आयबीएमच्या एब्सिडिक या अक्षरतक्त्यातही एकसारखी उपलब्ध होती. ओळ ७६ अक्षरांपेक्षा लांब नसावी हा नियमही तिथलाच. अँड्रॉइडच्या बेस६४ वर्गात ‘डीफॉल्ट’ हा पर्याय दिला तर आजही दर ७६ अक्षरांनंतर नवी ओळ येते ती याच कारणाने, आणि म्हणून तुम्ही ‘नो_रॅप’ हा पर्याय वापरला पाहिजे.

आता निम्म्या हॅशांचे कोडे. फॉर्मच्या पद्धतीने पाठवलेल्या डेटात + या चिन्हाचा अर्थ मोकळी जागा असा ठरलेला आहे. खरा + पाठवायचा तर त्याच्या जागी ‘टक्के-चिन्ह, दोन, बी’ लिहावे लागते. लायब्ररी हे आपोआप करते; हाताने जोडणी केली की ते राहून जाते. म्हणजे तुमच्या स्ट्रिंगमधला प्रत्येक + सर्व्हरवर मोकळी जागा होऊन पोहोचतो. शा-२५६चा हॅश ३२ बाइटांचा असतो, त्याची बेस६४ स्ट्रिंग ४४ अक्षरांची होते, आणि त्यांतले शेवटचे अक्षर नेहमी = असते. त्याआधीच्या अक्षरात मूळ डेटाचे चारच बिट असतात व खालचे दोन शून्य, त्यामुळे तिथे + येऊच शकत नाही. उरलेल्या ४२ जागांवर + येण्याची शक्यता प्रत्येकी चौसष्टात एक. ४२ पैकी एकाही जागेवर + नसण्याची शक्यता काढली तर ती सुमारे ५२ टक्के येते. तुम्हाला साधारण निम्मे हॅश बरोबर मिळतात ते यामुळेच. नशिबाने ज्यांत + नाही तेवढेच तरतात. ९० किलोबाइटच्या फोटोत मात्र सव्वा लाखाच्या आसपास अक्षरे असतात आणि त्यांत हजारांहून अधिक + येतात, म्हणून एकही फोटो वाचत नाही.

काही फोटोंवर त्रुटी का येत नाही, याकडे मात्र मी अधिक गांभीर्याने पाहतो. पायथनचे ‘बी६४डीकोड’ हे फंक्शन, वेगळे सांगितले नाही तर, बेस६४च्या बाहेरची अक्षरे गुपचूप गाळून टाकते. तुमच्या मोकळ्या जागा अशाच गळतात. गळलेल्या अक्षरांची संख्या योगायोगाने चारच्या पटीत असली की उरलेली स्ट्रिंग नियमात बसते, पॅडिंगची तक्रार होत नाही, आणि पहिल्या गळलेल्या अक्षरापासून पुढे सर्व बिट सरकलेला फोटो कोणत्याही सूचनेविना डेटाबेसमध्ये जातो. म्हणून त्या फंक्शनला ‘व्हॅलिडेट=ट्रू’ देणे मी बंधनकारक मानतो. चुकीचा डेटा दारातच अडला पाहिजे. हंगाम संपल्यावर पावत्या उघडून पाहताना तो सापडून उपयोग नाही.

+ टिकवण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे फील्ड लायब्ररीकडून नीट टक्के-एन्कोड करून घेणे. दुसरा म्हणजे ऑक्टोबर २००६ च्या आरएफसी ४६४८ मध्ये दिलेली यूआरएलसाठीची वर्णमाला वापरणे. तिच्यात + ऐवजी - आणि / ऐवजी _ येते. दोन्ही टोकांना एकच वर्णमाला असली पाहिजे, आणि कोणती ते कोडातल्या टिपणीत लिहून ठेवा.

परंतु फोटोंसाठी माझा सल्ला वेगळा आहे. फोटो बेस६४ करूच नका. बेस६४मध्ये आकार एकतृतीयांशाने वाढतो: ९०,००० बाइटांचे १,२०,००० होतात. सेकंदाला ६४ किलोबिट एवढाच वेग मिळाला तर एका फोटोला सव्वाअकरा सेकंदांऐवजी पंधरा सेकंद लागतील. केंद्रावर गाड्यांची रांग लागली असताना आणि नेटवर्क येऊन-जाऊन असताना हा फरक थोडा नाही. एचटीटीपीमधून बाइट जसेच्या तसे जाऊ शकतात. ‘मल्टिपार्ट’ फॉर्म वापरा, फोटो फाइल म्हणून पाठवा, सर्व्हरवर तो फाइल म्हणूनच साठवा आणि डेटाबेसमध्ये फक्त त्याचा पत्ता ठेवा. जेसनसारखी वाट, जिथे मजकुराशिवाय दुसरे काही चालत नाही, तिथेच बेस६४ची गरज असते. हॅश छोटा आहे, त्याला चालेल. किंबहुना त्याला मी हेक्स देईन. ६४ अक्षरे होतील, पण त्यांत + नाही, = नाही, आणि लॉगमध्ये डोळ्यांनी ताडून पाहता येते.

खाते क्रमांकांचे स्पष्ट सांगतो: बेस६४ला किल्ली नसते. स्ट्रिंग हातात आलेला कोणीही ती क्षणात उलगडू शकतो. शेतकऱ्याने तुमच्या भरवशावर दिलेला क्रमांक जपायचा असेल तर वाटेत एचटीटीपीएस हवे आणि साठवताना खरी कूटबद्धता हवी, उदाहरणार्थ एईएस-जीसीएम, ज्याची किल्ली अँड्रॉइडच्या कीस्टोअरमध्ये राहते. कूटबद्ध झालेले बाइट मजकुराच्या रकान्यात ठेवायचे म्हणून नंतर बेस६४ करणे ठीक आहे. पण संरक्षण एईएस देते.

प्रश्न : मोहफूल (धारणी, जि. अमरावती)

याच विषयाला धरून विचारते. मेळघाटात आमच्या गटाच्या बायका मोहफूल आणि इतर वनोपज गोळा करतात, आणि रोजची वजने तालुक्याला कळवावी लागतात. काही गावांत इंटरनेट चालत नाही, एसएमएस मात्र जातो. नावासकट मराठीत नोंद लिहिली की एकाच नोंदीत एसएमएस संपतो. बेस६४ने यात काही बचत होईल का?

उत्तर : धामनदीकाठ

ताई, मराठी मजकूरच बेस६४ केला तर बचत होणार नाही, उलट नुकसान होईल. एका एसएमएसमध्ये १४० बाइट असतात. सात बिटांच्या जीएसएम वर्णमालेत त्यात १६० अक्षरे बसतात, आणि देवनागरीत प्रत्येक चिन्हाला सोळा बिट लागत असल्यामुळे ७०. काना, मात्रा, हलन्त ही सर्व स्वतंत्र चिन्हे मोजली जातात, म्हणून हे ७० फार लवकर संपतात. तोच मजकूर यूटीएफ-८ करून बेस६४ केला तर दर चिन्हाला चार अक्षरे लागतील आणि १६० अक्षरांत फक्त ४० चिन्हे मावतील.

बचत होते ती नोंदीचे रूप बदलल्यावर. नावाऐवजी सदस्य क्रमांक घ्या, त्याला चार बाइट द्या. तारीख म्हणजे एका ठरवलेल्या दिवसापासूनचे दिवस, दोन बाइट. वनोपजाचा प्रकार एक बाइट. वजन ग्रॅममध्ये, तीन बाइट. त्यांत सोळा टनांपर्यंतचे वजन मावते. एकूण दहा बाइट. बेस६४च्या १६० अक्षरांत १२० बाइटांचा डेटा बसतो, आणि या वर्णमालेतले प्रत्येक अक्षर जीएसएमच्या मूळ तक्त्यात असल्यामुळे कोणालाही दुप्पट जागा लागत नाही. शेवटचे चार बाइट सीआरसी-३२साठी (चूक ओळखण्याच्या तपासणी-आकड्यासाठी) राखले तरी ११६ उरतात, म्हणजे एका एसएमएसमध्ये अकरा नोंदी. सीआरसी मात्र वगळू नका. एसएमएस कोणी हाताने पुढे पाठवला आणि एक अक्षर गळले, तर त्यामुळेच ते कळेल. एक एसएमएस अपुरा पडून जोडसंदेश करावा लागला, तर प्रत्येक भागात १६० ऐवजी १५३ अक्षरे मिळतात हेही हिशेबात धरा. शक्यतो प्रत्येक एसएमएस स्वतंत्र आणि पूर्ण ठेवा, म्हणजे एक हरवला तरी बाकीचे वाचता येतील.

उत्तर : संत्राबाग

यात एक भर घालतो, कारण काटापावतीवर क्यूआर कोड छापण्याचा विचार आज ना उद्या निघेलच. क्यूआरमध्ये बेस६४ हा चांगला पर्याय नाही. लहान-मोठी अक्षरे मिसळलेली असल्यामुळे क्यूआरला ती बाइट पद्धतीने साठवावी लागतात, म्हणजे सहा बिटांच्या माहितीसाठी आठ बिट खर्च होतात. क्यूआरची अंकांसाठी एक वेगळी पद्धत आहे, ज्यात तीन अंक दहा बिटांत बसतात. हजार शक्यतांसाठी १०२४ जागा, म्हणजे वाया जवळजवळ काही जात नाही. आधारच्या सिक्युअर क्यूआरमध्ये हेच केले आहे. तिथे माहिती दाबून लहान केल्यावर सर्व बाइट मिळून एक प्रचंड संख्या मानली जाते आणि ती दशमान अंकांत क्यूआरमध्ये भरली जाते. म्हणून साध्या स्कॅनरने तो कोड वाचला की अंकांची लांबच लांब रांग दिसते. अंकांऐवजी अक्षरे हवी असतील तर बेस४५ आहे. क्यूआरच्या अक्षर-अंक पद्धतीत चालणारी नेमकी ४५ चिन्हे त्यात वापरलेली आहेत आणि आरएफसी ९२८५ म्हणून ते २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. युरोपीय संघाच्या कोविड प्रमाणपत्रात तेच वापरले होते.

काटापावती

सर्वांचे मनापासून आभार. फोटो मल्टिपार्टने आणि हॅश हेक्समध्ये पाठवायला सुरुवात केली आहे. फोटो सर्व उघडतात. हॅश मात्र काही मोजक्या शेतकऱ्यांच्या नोंदींत अजूनही जुळत नाहीत, आणि त्यांत नशिबाचा भाग दिसत नाही: त्याच शेतकऱ्याची नोंद प्रत्येक वेळी चुकते. त्यांपैकी बहुतेकांचे आडनाव वऱ्हाडे आहे. सर्व्हरवर नाव शोधणे सोपे जावे म्हणून साठवण्यापूर्वी एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर लिहिण्याचे वेगवेगळे प्रकार एका ठरलेल्या रूपात आणणे) केले जाते. बाकी काही केले जात नाही. त्याचा संबंध असेल का?

उत्तर : धामनदीकाठ

संबंध त्याचाच आहे, आणि मराठीत काम करणाऱ्याने हे प्रकरण नीट समजून घ्यावे असे मला वाटते. ‘वऱ्हाडे’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांच्या क्रमांकित तक्त्यात, दोन प्रकारे लिहिता येतो: ‘यू+०९३१’ हे एकच चिन्ह, किंवा साधा ‘र’ आणि त्यापुढे नुक्ता (अक्षराखालचे टिंब) ‘यू+०९३C’ अशी दोन चिन्हे (शेवटचे अक्षर रोमन सी). युनिकोडच्या दृष्टीने हे दोन्ही समान आहेत, पडद्यावरही सारखेच दिसतात, पण बाइट वेगळे आहेत. पहिल्या प्रकारे आडनाव सात चिन्हांचे, २१ बाइटांचे. दुसऱ्या प्रकारे आठ चिन्हांचे, २४ बाइटांचे. कोणता कीबोर्ड कोणता प्रकार टाकतो यावर हे अवलंबून असते. तुमच्या फोनमध्ये नुक्त्याचे रूप टाइप झाले आणि त्यावर हॅश काढला गेला. सर्व्हरने एनएफसी केल्यावर दोन चिन्हांचे एक झाले, तीन बाइट कमी झाले, आणि पुन्हा काढलेला हॅश अर्थातच वेगळा आला.

फोनवरही एनएफसी करून मगच हॅश काढावा असे तुम्हाला वाटेल, पण तेवढ्याने भागणार नाही. ‘ऱ्ह’ लिहिण्याचा तिसरा प्रकारही चलनात आहे: ‘र’, हलन्त आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे हे अदृश्य जोडचिन्ह. हाही २४ बाइटांचाच आहे, पण एनएफसी त्याला ‘ऱ’मध्ये बदलत नाही. पुढे कोणी अदृश्य चिन्हे गाळणारी सफाई सर्व्हरवर बसवली, तर ‘वऱ्हाडे’चे ‘वर्हाडे’ होईल, रफार वर जाईल आणि हॅश पुन्हा तुटेल.

हॅश मजकुरावर काढलाच जात नाही, तो बाइटांवर काढला जातो. म्हणून फोनवर संपूर्ण नोंद एकदाच यूटीएफ-८ बाइटांत बदला, त्याच बाइटांचा हॅश काढा आणि तेच बाइट, पुन्हा जेसन न बनवता, पाठवा. सर्व्हरने आलेल्या बाइटांवर आधी हॅश ताडावा, ते बाइट जसेच्या तसे एका स्वतंत्र रकान्यात जपावेत, आणि त्यानंतरच त्यांतून नाव काढून शोधासाठी वेगळी, एनएफसी केलेली प्रत तयार करावी. शोध त्या प्रतीवर चालेल. पडताळणी नेहमी मूळ बाइटांवर होईल. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर मूळ बाइटांच्या रकान्याचा प्रकार ‘बाइटए’ ठेवा, ‘टेक्स्ट’ ठेवू नका.